हॅरीला उसने कोण देणार?

ज्यूल्स दासँ यांचा ‘नाइट अँड द सिटी’ हा १९५० सालचा सिनेमा पाहून उठणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: यात जीव लावावा असं कुणीच नाही. तक्रार जुनीच आहे. सिनेमा आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याला जवळजवळ कचऱ्यातच काढलं होतं. कुणाबद्दल आस्था वाटावी असं पात्र त्यांना एकच सापडलं, ते म्हणजे म्हातारा पैलवान. त्याच्याकडे येतोच.

हॅरी फेबियन हा लंडनमधला भुरटा. ‘सिल्व्हर फॉक्स’ नावाच्या क्लबासाठी गोड बोलून गिऱ्हाइकं पटवून आणायची, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. उरलेला वेळ नवनव्या स्कीम शिजवण्यात जातो. गँगस्टर म्हणावं तर कुठली गँग त्याला जवळ करणार नाही. सिनेमा सुरू होतो तोच त्याच्या पळण्याने. मागे कुणीतरी वसुलीला लागलंय, आणि अशा घाईतही कोटाला लावलेलं फूल पडलं तर हा पठ्ठ्या थांबून ते उचलतो. घरी पोचतो तो थेट मेरीच्या पर्सकडे. मेरी म्हणजे याच्यावर जीव टाकणारी मुलगी. ती त्याला रंगेहाथ पकडते, तर लगेच नवी स्कीम तयार: बर्मिंगहॅमला कुत्र्यांच्या शर्यतींचं काम, फक्त ३०० पौंड हवेत.

इथे मी हॅरीच्या बाजूने झालो. असा एक प्राणी आपल्या प्रत्येक खानदानात असतो. त्याची एजन्सी, नाहीतर शेळीपालन, नाहीतर हायवेलगतचा प्लॉट पुढच्या महिन्यात मार्गी लागायचा असतो. लग्नकार्यात तो जवळ येऊन बसला की शहाणी माणसं पाणी प्यायच्या निमित्ताने उठतात. पण रिचर्ड विडमार्कचा हॅरी पैसे मागतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते फसवणाऱ्याचं नसतं. त्या क्षणी त्याला खरंच ते मैदान, ती गर्दी, तो गल्ला दिसत असतो. पुढच्याला टोपी घालण्याआधी त्याने स्वतःच ती घालून पाहिलेली असते. मी दिले असते. ३०० नाही, पण वीस-पंचवीस नक्कीच, आणि परत मिळतील ही आशा न ठेवता.

‘फार काळा सिनेमा आहे’ म्हणणाऱ्यांशी मात्र वाद घालता येत नाही. क्लबाच्या मालकाची बायको हेलन हॅरीला २०० पौंड देते, बदल्यात तिला स्वतःचा क्लब काढायचा परवाना हवाय. हॅरी परवाना आणून देतो, तो बनावट. ती नवऱ्याला सोडून जाते, परवान्याचं बिंग फुटल्यावर परत येते, तर नवऱ्याने जीव दिलेला, आणि सगळी इस्टेट क्लबात फुलं विकणाऱ्या म्हाताऱ्या मॉलीच्या नावावर. एवढा हिशेबी सूड शेवटच्या पाठलागातही नाही. मेरीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सज्जन शेजाऱ्याबद्दल मात्र कुणाचंच काही मत नसतं. तो स्पॅगेटी करपवतो आणि चांगला वागतो.

जाणकार मंडळी दासँची गोष्ट सांगतात. अमेरिकेत डाव्या विचारांच्या लोकांची नावं काळ्या यादीत जात होती, आणि दासँवरही तीच वेळ येऊ घातली होती. स्टुडिओप्रमुख झानक यांनी दासँना लंडनला धाडलं आणि सल्ला दिला की महागडे प्रसंग आधी उरकून घे, म्हणजे तुला मध्येच काढणं त्यांना परवडणार नाही. हॅरीचं धावणं दिग्दर्शकाच्या जिवाचं आहे, असं मग सगळ्यांना दिसायला लागतं. दिसो बापडं. सिनेमाची ब्रिटिश आवृत्ती थोडी लांब आणि मवाळ आहे, संगीतही वेगळं. मला अमेरिकन कडवटपणा बरा वाटतो.

आता पैलवान. हॅरीला लंडनची कुस्ती ताब्यात घ्यायचीय. त्यासाठी तो ग्रेगोरियस या जुन्या ग्रीक मल्लाला हाताशी धरतो. म्हाताऱ्याला लुटुपुटूच्या कुस्त्यांचा तिटकारा. तरीही त्याची आणि पिऊन तालमीत आलेल्या ‘स्ट्रँगलर’ नावाच्या दांडगटाची जुंपते, आणि कॅमेरा हलायचं नाव घेत नाही. घुसमटलेले श्वास, मांसावर मांस आदळल्याचा आवाज. कोल्हापूरचे माझे मामा तोवर पेंगत होते. ते सावरून बसले. “मान बघ म्हाताऱ्याची. हे नाटकवाल्याचं काम न्हवं.”

खरंच नव्हतं. तो स्टॅनिस्लॉस झ्बिश्को, सत्तरीच्या घरातला पोलिश मल्ल. १९१० साली लंडनमध्येच त्याची कुस्ती आपल्या गामाशी झाली होती. अडीच तासांहून जास्त वेळ तो मॅटला घोरपडीसारखा चिकटून राहिला आणि बरोबरी पदरात पाडून घेतली. पुढच्या शनिवारी निकाली कुस्ती ठरली, तर हा आलाच नाही. मग १९२८ला पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. तिथे गामाने मिनिटभराच्या आत त्याला आस्मान दाखवलं. हे ऐकल्यावर मामांची कळी जी खुलली, ती जेवणापर्यंत टिकली.

त्यात आणखी एक भर. पडद्यावर खोट्या कुस्तीला नाकं मुरडणारा हा गृहस्थ १९२५ साली फिलाडेल्फियात अशाच ठरवलेल्या कुस्तीत उतरला होता. वेन मन या जगज्जेत्याकडून त्याने पडायचं, असं ठरलं होतं. आखाड्यात उतरल्यावर त्याने शब्द फिरवला, मनला खरोखर चितपट केलं आणि किताब घेऊन गेला. हॅरीला याची भेट झाली असती तर दोघांचं चांगलं जमलं असतं.

सिनेमा संपल्यावर मामांना विचारलं, “हॅरीबद्दल काय वाटलं?” जत्रेत वर्षानुवर्षं कुस्त्यांच्या जोडी लावलेला माणूस. हेलन, मेरी, बनावट परवाना, त्यांना कशाशीच देणंघेणं नव्हतं.

“बाकी सगळं माफ हाय त्याला,” मामा म्हणाले. “पण प्यालेल्या गड्याला तालमीत पाय ठिवू देतो व्हय कुणी?”