खडीचा पहारा

खडीच्या रस्त्यावर सायकल निम्मी कानांनी चालवायची असते. दाबून बसलेल्या मुरमावरून टायर जात असला की एकसुरी, घोगरा आवाज येतो. तो येतोय तोवर खुशाल इकडेतिकडे बघावं. करकर सुरू झाली की समजायचं, खडी सुटी आहे. आणि आवाज एकाएकी बंद पडला तर जपायचं, कारण खाली वाळू आहे. पुढचं चाक वाळूत शिरलं की हँडल आपलं ऐकेनासं होतं, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच मुठी आवळून पुढचा ब्रेक दाबतो. पुढचं सांगायला नको. करायचं असतं ते याच्या अगदी उलट. मुठी सैल, अंग जरा मागे, पायडल चालूच, आणि चाकाला आपली वाट काढू द्यायची. ज्यांना प्रत्येक गोष्ट घट्ट धरून ठेवायची सवय असते त्यांना हे फार जड जातं.

डांबरी रस्त्यावर कान दुसऱ्याच कामाला जुंपलेले असतात. मागून येतोय तो ट्रक की मोटार, किती लांब आहे, अंगाला घासून जाणार की काय, याचा हिशेब डोक्यात अखंड चालू असतो. पाय दुखतात ते चढामुळे, पण डोकं शिणतं ते या हिशेबामुळे. वाहनं नसलेल्या कच्च्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात तो हिशेब आपोआप गळून पडतो. मग दोघं जोडीनं सायकल चालवू शकतात. मला तर या वाटांचं सर्वांत मोठं सुख हेच वाटतं. एकामागे एक चालवताना सोबत्याची नुसती पाठ दिसते, शेजारी चालवताना सुरू केलेलं वाक्य पुरं करता येतं.

मोटारी इथे येत नाहीत त्याला काही ठिकाणी कायदा कारण असतो, वाटेच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. पण बऱ्याच ठिकाणी पाटीबिटी काही नसते. खडीच पहारा देते. धूळ, काचेवर उडणारे खडे, चाकांखालचे हादरे. ज्याला घाई असते तो गुपचूप वळसा घालून डांबरावरून जातो.

गंमत अशी की रस्ते गुळगुळीत करा अशी हाकाटी मोटारींच्याही आधी सायकलवाल्यांनीच केली होती. अमेरिकेत 1880 साली ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही सायकलस्वारांची संघटना निघाली. चांगल्या रस्त्यांसाठी तिनं एवढा धोशा लावला की 1892 पासून ‘गुड रोड्स’ नावाचं मासिकच चालवलं. त्याआधी जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं खडीच्या रस्त्याला शास्त्र दिलं होतं. नदीतले गोल गोटे चाकाखाली घरंगळतात, पण फोडलेली कोनेदार खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते, हे त्यानं हेरलं. घोडागाडीच्या लोखंडी धावांनी ही खडी आणखी दाबून बसायची. मोटारींची रबरी चाकं मात्र तिच्यातला बारीक चुरा उडवून लावू लागली, धुळीचे लोट उठू लागले, आणि 1902 साली इंग्लंडमध्ये एडगर हूलीनं डांबर मिसळलेल्या खडीचं पेटंट घेतलं. सायकलवाल्यांना हवे होते तसे रस्ते झाले. फक्त त्यांवर सायकल चालवायची सोय राहिली नाही.

टायरचीही अशीच उलटी यात्रा झालेली आहे. जॉन बॉइड डनलॉपनं हवेचा टायर केला तो मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी व्हावेत म्हणून. त्याचं पेटंट 1888 चं. पुढे शर्यतीच्या नादात तो टायर इतका बारीक आणि टणक झाला की 23 मिलिमीटर रुंदीत 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कोंबायची रीत पडली. खडीवर असला टायर म्हणजे लाटण्यावर बसून प्रवास. प्रत्येक खड्याला सायकल आणि आपण असे दोघंही उचलले जातो, आणि पुढे जाण्यात खर्चायचा जोर वरखाली होण्यात जातो. म्हणून आता खडीसाठी 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घेतात आणि हवा निम्म्याहूनही कमी ठेवतात. टायर खडा गिळतो, आपल्यापर्यंत त्याची नुसती कुजबुज येते.

या निवांत वाटांमधल्या कित्येक उत्तम वाटा मुळात सायकलसाठी झालेल्याच नाहीत. रेल्वेनं आणि कालव्यांनी टाकून दिलेल्या जागा आहेत त्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा लोहमार्ग बंद पडला, रूळ उखडले आणि 1967 साली तिथे सुमारे 51 किलोमीटरची वाट सुरू झाली. या प्रकारातली ती अगदी सुरुवातीची. तिच्यावर तीन बोगदे आहेत आणि सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा. गाड्या धावत होत्या तेव्हा हिवाळ्यात बोगद्याच्या तोंडाला भलेमोठे लाकडी दरवाजे लावत, कारण आत झिरपणारं पाणी गोठलं की दगड फुटतो. गाडी आली की पहारेकऱ्यानं दार उघडायचं, गेली की लावायचं. आता आत अंधारात सायकलवरून उतरून, दिवा घेऊन, पायी चालायचं असतं. भर उन्हाळ्यातही आत हुडहुडी भरते आणि छतातून मानेवर थेंब पडतात. न्यूझीलंडमध्ये 2000 साली खुली झालेली 152 किलोमीटरची ओटागो सेंट्रल रेल ट्रेलही अशीच, बंद पडलेल्या लोहमार्गावरची.

पण रेल्वेच्या वाटेचं कौतुक जरा हात राखूनच करावं. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून चढ अगदी सौम्य, बहुधा शंभराला दोनच्या आत. ऐकायला छान. प्रत्यक्षात तासन् तास तोच उतारही नाही आणि चढही नाही असा प्रकार, पायांना विसावा म्हणून नाहीच. डोंगरवाटेवर निदान चढलेलं वसूल होतं. इटलीतल्या टस्कनीचे पांढरे कच्चे रस्ते मला यासाठी अधिक आवडतात. तिथे अधूनमधून एखादी मोटार भेटते हे खरं, पण द्राक्षमळ्यांमधून ते रस्ते असे काही चढतात, उतरतात, वळतात की कंटाळायला फुरसत नाही. हे रस्ते डांबराखाली गडप होऊ नयेत या हट्टापायी 1997 साली तिथे ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. सायकल 1987 च्या आधीची हवी, असा तिचा नियम. रस्ता वाचवायला जुनी सायकल कामाला लावायची ही युक्ती मला भारी वाटते.

वाट वाचवण्याचा त्याहून भारी किस्सा वॉशिंग्टनजवळचा. पोटोमॅक नदीकाठी चेसापीक अँड ओहायो कालव्याची 297 किलोमीटरची पायवाट आहे, पूर्वी खेचरं नावा ओढत चालायची ती. कालवा 1924 साली बंद पडला आणि पुढे त्याच्या जागी मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेखात त्याची तरफदारी केली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर ही वाट पायी चाला आणि मग बोला. मार्च 1954 मध्ये बरीच मंडळी चालायला निघाली, शेवटपर्यंत चालले ते डग्लस धरून नऊजण. वर्तमानपत्रानं आपलं मत सौम्य केलं, रस्ता बारगळला आणि 1971 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आज तीच वाट कंबरलँड शहरापाशी पुढच्या रेल्वेवाटेला जुळते आणि पिट्सबर्गपर्यंत सुमारे 540 किलोमीटर जवळपास मोटारींविना जाता येतं.

वाट गाजली की डांबराची मागणी येतेच. ती धरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. व्हीलचेअरवाल्याला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्याला सुटी खडी म्हणजे भिंतच. पण मधला मार्ग आहे. अमेरिकेतल्याच मिझुरी राज्यातल्या सुमारे 385 किलोमीटरच्या केटी ट्रेलवर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे, त्यावर बाबागाडीही चालते. त्याची खोड एकच, ओला झाला की तो पांढरा राडा चेनमध्ये शिरून दळण घालतो. त्याला औषध म्हणजे फडकं. चेन पुसायची, मग एकेका दुव्यावर पातळ तेलाचा थेंब सोडायचा आणि वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं, नाहीतर त्यालाच धूळ चिकटते. हे काम निघताना नाही, परत आल्यावर लगेच करावं. निघताना घातलेलं तेल पहिल्या दोन किलोमीटरांतच धूळ गोळा करून बसतं.