प्रकल्पासोबत शिकवलेली माहिती साक्षरता: एका ग्रंथपालाचा अनुभव

मुंबईतील एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करताना पदव्युत्तर विद्यार्थ्यांना माहिती साक्षरता, म्हणजे हवी ती माहिती शोधणे, पारखणे आणि श्रेय देऊन वापरणे, शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. वर्षारंभी ग्रंथालय दाखवले, ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन सूची) उघडून दिले, एवढ्याने भागत नाही. कारण विद्यार्थ्याची खरी अडचण प्रकल्पाचा विषय हाती पडल्यावरच सुरू होते आणि तोपर्यंत दाखवलेले सारे विस्मरणात गेलेले असते. म्हणून इतिहास विभागाशी बोलून मी या तासिका प्रकल्पाच्या टप्प्यांना जोडून घेतल्या. वेळापत्रकात जागा मिळवणे सर्वांत कठीण गेले. विद्यार्थी काय आणि कुठे शोधले हे जिच्यात टिपतात त्या शोधाच्या नोंदवहीला विभागाने अंतर्गत मूल्यमापनात गुण ठेवले, तेव्हा कुठे उपस्थितीचा प्रश्न सुटला.

एका विद्यार्थिनीने १९८२चा गिरणी संप हा विषय घेतला होता. इंग्रजी डेटाबेसमध्ये ती ‘मुंबई’ असा शब्द टाकून शोधत होती आणि अगदी मोजके लेख मिळाल्याने विषयच बदलण्याच्या विचारात होती. शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव १९९५ मध्ये बदलले. त्याआधीचे इंग्रजी लेखन ‘बॉम्बे’ याच नावाखाली नोंदलेले आहे. आम्ही कागदावर रकाने आखले: एकात शहराची दोन्ही नावे, दुसऱ्यात ‘टेक्स्टाइल’ आणि ‘कॉटन मिल’, तिसऱ्यात ‘स्ट्राइक’. एका रकान्यातील पर्याय ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही शब्द चालेल) आणि रकाने एकमेकांशी ‘अँड’ने (प्रत्येक रकान्यातले काहीतरी हवेच) जोडल्यावर लेखांची यादी इतकी वाढली की ती गाळायची कशी, हा पुढच्या तासिकेचा विषय झाला.

स्रोताची पारख शिकवायला मात्र अधिक वेळ द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. चॅटबॉटकडून घेतलेल्या एका संदर्भात नियतकालिकाचे नाव खरे होते, लेखकही खरा होता. पण दिलेला खंड काढून पाहिला तेव्हा त्या पृष्ठांवर भलताच लेख निघाला. ही पडताळणी मी वर्गासमोर, खंड हातात घेऊनच केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंधही मी आधी शेवटून, म्हणजे संदर्भसूचीपासून वाचायला लावते, कारण तिथून मूळ साधनांपर्यंत पोहोचता येते.

वाङ्मयचौर्याचा विषय निघाला की पहिली विचारणा टक्केवारीची होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. परंतु सॉफ्टवेअर मजकुरातील साम्य मोजते, आणि दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडून श्रेय न देणे त्याच्या नजरेतून सुटू शकते. हे पटवण्यासाठी मी एकच परिच्छेद श्रेयासह आणि श्रेयाविना असा दोन प्रकारे लिहून घेते.

यंदापासून नोंदवहीत आणखी एक रकाना घातला आहे: कोणता स्रोत वगळला आणि का. प्रकल्प तपासताना प्राध्यापक आता तो रकाना सर्वांत आधी वाचतात.