तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅन बदलताना तुमची भांडणं होत नाहीत का?

आम्ही दोघं २०२४ मध्ये चार महिन्यांची बिनपगारी रजा काढून थायलंड, व्हिएतनाम, लाओस फिरलो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, विशेषतः नुकतंच लग्न झालेल्यांचा. "रोज नवीन गाव, सारखा बदलणारा प्लॅन, आणि चोवीस तास एकमेकांसोबत, मग भांडणं नाही झाली?"

झाली. आणि सगळ्यात मोठं भांडण झालं ते प्लॅन बदलला म्हणून झालंच नाही, ते सांगायचंय.

मूळ प्लॅन असा होता की मार्चमध्ये चियांग माय, तिथून चियांग खोंगला जायचं, पूल ओलांडून लाओसच्या हुआय सायला, आणि तिथून मेकाँग नदीतून स्लो बोटीने दोन दिवसांत लुआंग प्राबांग, मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात. पुढे लाओसमधून ताय त्रांगच्या नाक्यावरून व्हिएतनाम. ही बोट माझी होती. म्हणजे कितीतरी वर्षांपासून मला त्या नदीतून असं संथ जायचं होतं, आणि अख्खा प्रवास आम्ही त्या दोन दिवसांभोवती बांधला होता. सासऱ्यांनी तर सगळा रूट प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता, रोज फोन झाला की पेनने टिक करायचे.

आता जे आम्हाला नीट माहीत नव्हतं ते. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये धुराचा सीझन असतो. शेतातली मक्याची धाटं जाळतात, डोंगरात वणवे लागतात, शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधूनही धूर येतो, आणि चियांग माय शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात असल्यामुळे तो तिथेच साचून राहतो. त्या मार्चमध्ये हवेच्या प्रदूषणात चियांग माय जगातल्या मोठ्या शहरांत पहिल्या नंबरला गेलं होतं. शहराला लागून डोई सुथेपचा एवढा मोठा डोंगर आहे, आम्हाला पहिले तीन दिवस तो दिसलाच नाही. सकाळी खिडकी उघडली की शेकोटीचा वास, सूर्य बघितला तर शेंदरी गोळा, डोळे न मिटता बघता येईल असा.

माझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता. आता वर्षातून एखाद-दोनदा पंप लागतो, तेवढंच. चौथ्या रात्री मला जाग आली तर तो बाथरूममध्ये नळ सोडून खोकत होता. नळ यासाठी की मला ऐकू जाऊ नये. विचारल्यावर कळलं की तिसऱ्या दिवसापासून पंप दिवसातून चारदा घेतोय, बाजारात जातो सांगून फार्मसीत गेला होता, आणि ठरवलं होतं की बोटीचे दोन दिवस कसेतरी काढायचे. "तुझी बोट आहे ना ती," म्हणाला.

मी इतकी चिडले की मला रडू आलं. बोट गेली म्हणून नाही हो. बोटीचं तर त्या क्षणी डोक्यातही नव्हतं. मी त्याच्या शेजारी झोपलेय आणि त्याला श्वास घेता येत नाहीये हे मला माहीत नाही, आणि ते त्याने माझ्यासाठी म्हणून लपवलं, म्हणजे उद्या काही झालं असतं तर ते माझ्या बोटीपायी. पहाटेपर्यंत आम्ही बोलत होतो, त्यातलं निम्मं भांडण होतं. सकाळी उजाडल्यावर हवेच्या प्रदूषणाचा नकाशा उघडला तर लुआंग प्राबांगच्या बाजूलाही तोच धोक्याचा जांभळा रंग, म्हणजे पुढे जाऊनही उपयोग नव्हता.

मग आम्ही सरळ दक्षिणेला वळलो. रात्रीच्या ट्रेनने बँकॉक, दुसऱ्या रात्री परत ट्रेन पकडून दक्षिण थायलंडमधलं त्रांग, आणि तिथल्या किनाऱ्यावरून लाँगटेल म्हणतात त्या मोटरबोटीने को लिबोंग बेटावर. (थायलंडच्या स्लीपरमध्ये खालचा बर्थ रुंद असतो आणि थोडा महाग, वरचा अरुंद. दमेकऱ्याला खालचा घ्या.) को लिबोंगवर कोळ्यांची मुसलमान वस्ती आहे, पार्टी नाही, दारूचं फारसं काही नाही, भात आणि ऑम्लेट खाऊन आम्ही आठवडाभर नुसते पडून होतो. दोन दिवसांत त्याचा खोकला गेला, आणि तिथे कुठे मला पहिल्यांदा बोटीचं वाईट वाटलं. तेव्हा त्याने जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "अगं जाऊ दे, इथे किती छान आहे" असं तो एकदाही म्हणाला नाही. मी संध्याकाळभर गप्प बसले तर तो शेजारी बसून राहिला.

तिथेच आमचं ठरलं की ज्याचं राहिलं त्याने पुढचं ठरवायचं, दुसऱ्याने फक्त तिकिटं काढायची. मी ठरवलं की अख्खा रूट उलटा करू. व्हिएतनामला दक्षिणेकडून शिरायचं, वर हनोईपर्यंत जायचं, आणि पावसाने धूर धुतला गेला की शेवटी लाओस.

खर्च झाला, खोटं कशाला बोलू. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर तारीख आणि कुठून शिरणार ते ठिकाण आधीच भरायचं असतं, आमचं ताय त्रांग भरलेलं, आता दक्षिणेतल्या सायगॉनचा (म्हणजे हो चि मिन्ह सिटीचा) विमानतळ हवा. फी परत मिळत नाही. माणशी २५ डॉलर, दोघांचे ५० गेले, परत ५० भरले. चियांग मायच्या गेस्ट हाऊसचे तीन रात्रींचे पैसे बुडाले. आम्ही निघतानाच चाळीस हजार रुपये "बदलासाठी" म्हणून वेगळे ठेवले होते, कशासाठी लागतील ते माहीत नसताना, आणि जोडप्यांना मी हेच पहिलं सांगते, कारण पैसे आधीच बाजूला काढलेले असले की त्यावरून कोण चुकलं ही चर्चाच होत नाही.

सायगॉन ते हनोई रेल्वे १७२६ किलोमीटर आहे. आम्ही वाटेतल्या ह्वे शहरात उतरलो आणि अडकलो, कारण ३० एप्रिल आणि १ मे, आपला महाराष्ट्र दिन, या दोन्ही दिवशी तिथे सुट्टी असते आणि सगळा देश घरी किंवा फिरायला निघतो, एकही बर्थ नाही. ह्वेत अडकायला मात्र कुणी हरकत घेऊ नये. तिथे शाकाहारी खानावळी पुष्कळ, 'चाय' (चहा नाही, व्हिएतनामीत शाकाहारी) अशी पाटी दिसली की बिनधास्त शिरायचं, आणि पौर्णिमेला आणि त्यांच्या महिन्याच्या पहिल्या तिथीला तर बरेच लोक घरीही शाकाहारच करतात. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्यांना इतकं बरं वाटलं.

पण त्या पाच दिवसांत नवऱ्याचं उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांतल्या 'हा जियांग' भागातलं बाइक राइडिंग गेलं, जे त्याला मनापासून करायचं होतं. यावेळी त्याने त्याच दिवशी सांगितलं, "मला खूप वाईट वाटतंय, थोडा वेळ एकटा चक्कर मारून येतो." आला, आणि म्हणाला लाओसमध्ये नोंग खियावला सहा दिवस राहायचं, काहीही बघायचं नाही. मी दोघांचं बुकिंग केलं. नाम औ नदीकाठच्या त्या गावात सहा दिवस तो पुस्तक वाचत आणि पोहत बसला, मला चौथ्या दिवशी कंटाळा आला, तेही मी त्याला सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लुआंग प्राबांगहून बोटीत बसलो. उलट्या दिशेने, हुआय सायकडे, प्रवाहाविरुद्ध. बहुतेक पर्यटक खालच्या दिशेने येतात त्यामुळे बोट अर्धी रिकामी, बाकी गावकरी, तांदळाची पोती, एक कोंबडा. दोन पाऊस पडून गेलेले, डोंगर हिरवे आणि अगदी कडेपर्यंत स्पष्ट. पाकबेंगमधून सासऱ्यांना फोन केला तर त्यांनी विचारलं, "मग फ्रिजवरचा बाण आता उलटा काढू ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. तासाभराने नवरा म्हणाला, "उठल्यावर थोडं जड वाटत होतं, आता ठीक आहे." मी विचारलं नव्हतं. पंप सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे ना ते मी बघितलं आणि परत नदीकडे बघत बसले.