पाण्याचा ताळेबंद मांडताना

पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हवामान बदलात तग धरणाऱ्या शेतीसाठीचा. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत राज्य शासनासाठी आयआयटी मुंबईने बसवून दिली. उन्नत महाराष्ट्र अभियानामुळे २०१६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालयंही असल्या कामांना जोडली गेली. त्याच ओघात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मी मराठवाड्यातल्या एका गावात पोचले.

गणित तसं सरळ आहे. हेक्टरभर रानात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्यातून ओढ्याने किती गेलं, पिकाने किती घेतलं, जमिनीत किती मुरलं, हे मांडत जायचं. दमवलं ते कागदांनी. निरीक्षण विहिरींच्या, म्हणजे भूजलाची पातळी मोजायला ठरवलेल्या विहिरींच्या, नोंदी मागायला एका कार्यालयात गेले, तर प्राचार्यांचं पत्र मागितलं. ते नेलं, तर म्हणाले, "वरून आदेश आणा." मग "साहेब मीटिंगला गेलेत." अशा कामांच्या सामंजस्य करारावर सह्या होतात मुंबईत, खालच्या टेबलापर्यंत त्याची प्रत पोचतेच असं नाही. त्यामुळे अशा कामाला निघणाऱ्याने कराराची झेरॉक्स पिशवीतच ठेवावी. माझं काम शेवटी कृषी सहायकांच्या एका फोनने झालं.

खरी मजा शिवारात. नकाशात खोल काळी जमीन दिसत होती तिथे एका काकांनी कुदळ मारली. हातभर खाली मुरूम! "ताई, इथं पाणी थांबतंय कुठं? आठ दिवस पावसानं ओढ दिली की सोयाबीन माना टाकतंय." जमीन उथळ म्हणजे ओल धरायची ताकद कमी, पावसात खंड पडला की पीक वाचवण्यापुरतं संरक्षित पाणी द्यावंच लागणार. मातीची खोली बदलून गणित पुन्हा चालवलं, तर त्या भागातली तूट लगेच वाढली. गणितात धरलेला पाऊसही महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेला. तिथे पडला म्हणजे या ओढ्यापलीकडे पडलाच असं थोडंच आहे?

पिकांचं क्षेत्र घ्यायचं तर २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच नोंद करतात. पण तिथला उसाचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारा ऊस काही जुळेना.

ग्रामसभेत ताळेबंद वाचून दाखवला, तर सरपंचांनी आणखी एक सिमेंट बंधारा मागितला. आधीच्या बंधाऱ्यांनंतर ओढ्यात अडवण्याजोगं फारसं उरत नाही, हे आकडे दाखवून सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आधी उसाचं बोला की!" त्यावर जो गलका झाला, त्यात बोअर किती हा माझा प्रश्न राहूनच गेला. अहवालात तो रकाना अंदाजानेच भरला, आणि शेजारी तसं लिहिलंही.