तिकडच्यांना म्हणे पुढे यायचंच नसतं

“तिकडच्या लोकांनाच पुढे यायचं नसतं.” जेवणाच्या सुट्टीत मागास भागांचा विषय निघाला, तेव्हा एक सहकारी सहज बोलून गेला आणि पुन्हा मोबाईलमध्ये गुंतला. मला ते दिवसभर टोचत राहिलं.

इटलीचं बघा. तिथल्या मागास दक्षिण भागासाठी सरकारने १९५० मध्ये खास निधी उभारला. धरणं, रस्ते, कारखाने झाले. तरी आजही तिथलं दरडोई उत्पन्न उत्तरेपेक्षा कितीतरी कमी. आळस? अहो, याच दक्षिणेतली लाखो माणसं उत्तरेतल्या तुरीन-मिलानच्या कारखान्यांत राबायला गेली!

जिथे बंदर, रेल्वे, कॉलेज आधीपासून आहे, तिथेच पुढचा कारखानाही येतो. शिकलेली पोरं त्याच्यामागे जातात. गावात उरतात म्हातारे आणि पट कमी झाला म्हणून बंद होणाऱ्या शाळा.

मला विचाराल तर अशा भागात आधी चांगली शाळा आणि डॉक्टर असलेला दवाखाना हवा, कारखाना नंतर. तुम्हाला काय वाटतं?