रुळांकडे तोंड केलेली वखार

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं आमचं गाव खानदेशातल्या शिंदखेड्याहूनही लहान. एक बँक, गरजेपेक्षा जास्त चर्च, धान्याचे उंच सायलो आणि रुळांच्या कडेला राखाडी पडलेली एक लांबच लांब लाकडी शेड. ती पाडायची की ठेवायची यावर गावात सध्या जोरात वाद चाललाय. दोंडाईच्याला स्टेशनाजवळ ज्याचं लहानपण गेलं, त्याला लाकडाची वखार ओळखायला पाटी लागत नाही, म्हणून मीही त्या वादात नाक खुपसलं.

आत गेलं की मधोमध रुंद बोळ. जोडघोड्यांची गाडी एका दारातून शिरायची, माल भरून दुसऱ्या दाराने बाहेर. दोन्ही बाजूंना दोन मजली फळ्यांचे कप्पे, वरच्या कप्प्यांसमोर माणसाला चालता येईल अशी अरुंद माची. भिंतीच्या पट्ट्यांत मुद्दाम फटी ठेवल्यात, कारण रंधा मारलेल्या लाकडाला पाऊस नको पण वारा हवा. गावाच्या मुख्य रस्त्याला मात्र ही इमारत चक्क पाठ दाखवते. तिची माल उतरवायची बाजू रुळांकडे आहे.

असं का, ते लायब्ररीतल्या नकाशांनी सांगितलं. सॅनबॉर्न ही कंपनी १८६७ पासून आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या गावोगावचे नकाशे काढत होती. ५० फुटांना एक इंच, आणि प्रत्येक इमारत रंगवलेली: पिवळी म्हणजे लाकडी, गुलाबी म्हणजे विटांची, निळी दगडी. आमच्या गावाच्या पहिल्या नकाशात या जागी नुसत्या लाकडाच्या थप्प्या दिसतात. पुढच्यात छोटं ऑफिस येतं, मग ही शेड, मग कोळशाचे कप्पे. चुन्याची खोली सगळ्यांपासून लांब, एकटी. कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो किती तापतो हे आपल्याकडच्या गवंड्याला सांगावं लागत नाही. लाकडाच्या ढिगाशेजारी तो कोण ठेवेल?

आयोवा मूळचं बहुतांश गवताळ माळरान. घरं बांधायला लाकूड यायचं ते उत्तरेच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटातून, व्हाइट पाइनचं. ओंडके बांधून त्यांचे अवाढव्य तराफे मिसिसिपीतून खाली सोडत, क्लिंटन, डेव्हनपोर्ट अशा काठच्या गावांतल्या गिरण्यांत ते चिरत, आणि तिथून रेल्वेने फळ्या माळरानावर जात. म्हणून प्रत्येक स्टेशनाला एक वखार. एकेका कंपनीच्या एकाच रेल्वेमार्गावर ओळीने वखारी असत, शेडही एकाच साच्यातल्या, गल्ल्यावर बसलेला माणूस पगारी. गावकऱ्यांचं या कंपनीवाल्या शेठलोकांशी फारसं पटत नसे, यात मला काही नवल वाटलं नाही.

तो पाइन कधी संपणार नाही असं लोकांना वाटायचं. एका पिढीत संपला. १९०० साली रेल्वेसम्राट जेम्स हिलने वॉशिंग्टन राज्यातलं ९ लाख एकर जंगल एकरी ६ डॉलरने वेयरहाउझरला विकलं. हा वेयरहाउझर मिसिसिपीच्या काठी लाकडाच्याच धंद्यात मोठा झालेला. त्या काळात अमेरिकेच्या मधल्या भागातल्या वखारींत पश्चिमेचं डग्लस फर आणि दक्षिणेचा पिवळा पाइन येऊ लागला. आमच्या शेडमध्येही जुने खांब पाइनचे आणि मागाहून बदललेले फरचे आहेत; रंग आणि रेषा शेजारी शेजारी बघितल्या की फरक कळतो. जुनी ‘टू बाय फोर’ पट्टी खरोखर दोन बाय चार इंचांच्या जवळ भरते. आज दुकानात त्याच नावाने दीड बाय साडेतीन मिळते आणि कोणी हू की चू करत नाही.

हे वाचताना माझं मन सारखं आपल्या तापी व्हॅलीच्या लाईनवर जात होतं. सुरतेहून निघालेली ही रेल्वे १९०० च्या सुमारास अमळनेरला पोचली, नवापूर-नंदुरबारच्या जंगलपट्ट्यातून. आमचं धाब्याचं घर, त्याचे खांब, सर, कडीपाट, सगळं सागाचं. आज दोंडाईच्यात दार करायचं म्हटलं तर कच्छी पटेलांच्या सॉ मिलमध्ये जे लाकूड दाखवतात ते बरेचदा कांडला बंदराजवळच्या गांधीधामहून ट्रकने आलेलं, परदेशी. १९९६ पासून गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि विनापरवाना सॉ मिलवर बंधनं आणली हे खरं, पण जवळचा साग त्याआधीच विरळ झाला होता. वखारी मात्र स्टेशनालाच चिकटून राहिल्या, माल रस्त्याने यायला लागला तरी.

इथल्या शेडचं काय होणार ते ठरायचंय. एका गटाला तिथे शनिवारचा भाजीबाजार हवाय, दुसऱ्याला पार्किंग. मी बाजाराच्या बाजूने आहे. पार्किंगला या गावात गाड्या तरी कुठे आहेत?

फोनवर बापूकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी इतिहास शांतपणे ऐकला आणि विचारलं, “पाडीसन लाकूड कितलं निघी? घनफूटना भाव काय शे तठे?”

भाव उत्तम आहे. शंभर वर्षांच्या जुन्या पाइनच्या फळ्यांना इथल्या शहरांत हॉटेलवाले आणि हौशी घरमालक नव्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. पार्किंगवाल्या गटात इमारती पाडायचा ठेका घेणारा एक गृहस्थ आहे, त्यालाही हे चांगलं ठाऊक आहे.