घेवड्याचं उत्पन्न वाढवताना मी कुठे अडकले

'चांगल्या झाडाचं बी धरा, दरवर्षी उत्पन्न वाढत जाईल.' हा सल्ला ज्याने त्याने दिला. तो कुठवर चालतो, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

सुरुवात सोपी गेली. बियाणं मिसळ होतं. सरस झाडांचं बी वेगवेगळ्या पुड्यांत ठेवलं, एका झाडाची एक ओळ अशी टोकणी केली आणि सर्वांत भारी ओळ धरली. उत्पन्न खरंच वाढलं.

आणि मग अडलं. त्या ओळीतलं सर्वांत लगडलेलं झाड निवडायचं, टपोरे दाणे वेचायचे, पेरायचे, आणि काढणीनंतर काटा पुन्हा तिथल्या तिथे! हंगामामागून हंगाम हेच. विचारलं की एकच उत्तर: 'निवड अजून कडक करा.' आणखी किती कडक? एक झाड ठेवून बाकीचा अख्खा वाफा बाद करत होते.

खरं कारण घेवड्याच्या फुलात आहे. फूल उमलण्याआधीच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडलेले असतात. परपरागीभवन क्वचितच होतं. त्यामुळे संकरातून, म्हणजे दोन वेगळ्या झाडांच्या मीलनातून, आलेला आतला वेगळेपणा दर पिढीत निम्मा होतो: ५० टक्के, २५, मग साडेबारा. काही पिढ्यांत ओळीतली सगळी झाडं आतून सारखीच. मग एखादं झाड जास्त लगडतं ते कडेच्या मोकळ्या जागेमुळे किंवा जास्त ओलीमुळे, आणि ती जागा काही बियाण्यात उतरत नाही. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसन यांनी १९०३ साली घेवड्यावरच हे दाखवून दिलं होतं: एकाच शुद्ध ओळीतले मोठे आणि बारीक दाणे वेगळे पेरले, तरी पुढच्या पिढीत दाण्याचं सरासरी वजन सारखंच भरतं. शतकाहून जुनी गोष्ट, आणि मला सांगतात कडक निवड करा!

म्हणजे ओळीत नवा वेगळेपणा आणायला हवा. त्यासाठी संकर. उद्या उमलेल अशी फुगलेली कळी आदल्या दिवशी चिमट्याने उघडायची. आतली नौकेसारखी पाकळी शंखासारखी पिळलेली असते. ती सोडवून परागकोश फुटायच्या आत पुंकेसर काढायचे. दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलातली परागाने माखलेली कुक्षी या कुक्षीवर घासायची. बऱ्याच कळ्या गळतात, उन्हाळी दिवसांत तर फारच. चिडून उपयोग नाही, जास्त कळ्या धरा.

संकराच्या शेंगेतले दाणे अगदी आईसारखेच दिसतात, कारण दाण्याची साल आईचीच असते. म्हणून फेकून देऊ नका. खात्री हवी तर आई पांढऱ्या फुलांची आणि बाप जांभळ्या फुलांचा घ्या. त्या दाण्याच्या झाडाला जांभळं फूल आलं की संकर साधला.

त्याच्या पुढच्या पिढीत नाना तऱ्हा निघतात. इथे एकेका झाडाच्या वजनावर भाळू नका. रोगट तेवढी काढा, उरलेल्या प्रत्येक झाडाचा एकेक दाणा पुढे न्या, आणि चार-पाच पिढ्यांनी ओळी स्थिरावल्या की वजन करा. तेही एकाच जागी पेरून नाही. प्रत्येक ओळ दोन-तीन ठिकाणी पेरून. माझ्या काही ओळींनी जुन्या ओळीला मागे टाकलं, तेव्हा काटा दोनदा तपासला.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: मूळ वाणाची एक ओळ दर हंगामात शेजारी पेरा, नाहीतर वाढलेलं उत्पन्न बियाण्याचं की पावसाचं, ते कळणारच नाही. आणि शेंगा कडक वाळल्याशिवाय वजन करू नका.

आता त्यातल्याच दोन सरस ओळींचा आपसात संकर करायचाय. एक उशिरा फुलते, म्हणून तिची टोकणी आठवडाभर आधी उरकली.